दंतवल्क-संरक्षण : फ्लोराइड व लेसर उपचार

आम्लामुळे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थराची होणारी झीज रोखणारे उपचार. या थराला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. त्याचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइटचा असतो. तोंडातील पीएच ५.५ च्या खाली गेला की हे खनिज विरघळू लागते. दात किडताना हे आम्ल जंतू साखरेपासून तयार करतात. दाताची धूप होते तेव्हा ते लिंबू सरबत, कोला किंवा वारंवार उलटून येणारे जठरातील आम्ल यांतून थेट येते. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत नष्ट होतात, म्हणून झिजलेला थर शरीर पुन्हा घडवत नाही.

फ्लोराइड : फ्लोराइड खनिजात शिरले की फ्लोरॲपेटाइट बनते. त्याला विरघळण्यासाठी पीएच सुमारे ४.५ पर्यंत उतरावा लागतो. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १,००० पीपीएम आहे. दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या ५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या व्हार्निशमध्ये ते २२,६०० पीपीएम असते. दात पुसून कोरडे करून ब्रशने व्हार्निशचा पातळ हात देतात. लाळ लागताच ते दाताला चिकटून बसते. त्यानंतर काही तास कडक व गरम पदार्थ टाळतात. कीड रोखण्यात फ्लोराइडचा उपयोग सिद्ध आहे. कोलासारख्या तीव्र आम्लाचा पीएच ३ च्याही खाली असल्याने धुपेपासून मात्र त्याचे संरक्षण मर्यादित असते. तेथे कथिलयुक्त स्टॅनस फ्लोराइड अधिक उपयोगी ठरते.

लेसर : थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला रुबी लेसर तयार केला. त्याच दशकात स्टर्न व सॉग्नेस यांनी त्याचे दंतवल्कावर प्रयोग केले. लेसरच्या उष्णतेने खनिजातील कार्बोनेट कमी होते व त्याची विद्राव्यता घटते. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या ९.३ व ९.६ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी दंतवल्कात चांगल्या शोषल्या जातात. फ्लोराइडची जोड दिल्यास अनेक प्रयोगांत एकट्या उपचारापेक्षा अधिक संरक्षण आढळले आहे. मात्र बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतील काढलेल्या दातांवरचा आहे. ऊर्जा जास्त झाली तर दंतवल्काला तडे जातात आणि आतील मगज तापतो. यंत्रही महाग असल्याने हा उपचार नेहमीच्या दंतसेवेत रुळलेला नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : फ्लोराइडची गरज पाण्यानुसार बदलते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते याहून जास्त असल्याने दातांवर डाग पडणे आणि हाडे ताठरणे, असा फ्लोरोसिस आढळतो. याउलट मीरा-भाईंदरसारख्या शहराला नळाचे पाणी नदीतून येते. अशा नदीच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. तेथे टूथपेस्टमधील फ्लोराइडचे महत्त्व वाढते.

काळजी : आंबट पेयानंतर लगेच दात घासू नयेत, मऊ झालेला थर ब्रशने खरवडला जातो. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलांनी पेस्ट गिळू नये, यावर मोठ्यांनी लक्ष ठेवावे.