झोपेची डबी

आमचे धाकटे चिरंजीव दीड वर्षाचे झाले आणि रात्री दोन वाजता उठून बसण्याचा त्यांनी नेमच धरला. रडे लागावे असे काही दुखत-खुपत नाही. डोळे टक्क उघडे, आणि शेजारी कोणी दिसले नाही की सारी चाळ जागी होईल असा टाहो. थोपटावे, पाणी द्यावे, खांद्यावर घेऊन गॅलरीत दहा फेऱ्या घालाव्यात, तेव्हा कुठे पापण्या मिटतात. सकाळी सातला मला शाळा. तिथे फळ्याकडे तोंड करून मीच डुलक्या घेतो हे मुलांच्या केव्हाच लक्षात आले आहे!

गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री माझा संयम सुटला. शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी आदल्या दिवशी सुचवले होते, ‘‘सर, सर्दीचं औषध द्या अर्धा चमचा. पोरगं सकाळपर्यंत हलायचं नाही.’’ सर्दी नव्हती, पण बाटली घरात होती. मी झाकण काढले, चमचाही घेतला. तो चमचा जिथे ठेवला होता त्याच फळीवर आजीची पितळी डबी असते. ती दिसली आणि मी बाटली पुन्हा बंद केली.

या डबीची हकिगत सांगायची तर शंभर वर्षे मागे जावे लागेल.

माझी पणजी रत्नागिरीकडून लालबागला आली आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली. बायकांना मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग ही दोनच खाती असत. १९२२ च्या कायद्याने कामाचा दिवस ११ तासांवर आणला, म्हणजे त्यापूर्वी काय असेल त्याचा विचार वाचकांनीच करावा. बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. एका खोलीचे बिऱ्हाड, त्यात रात्रपाळीहून येणारे दीर, गावाहून आलेले पाहुणे. अशा खोलीत मूल रात्री रडले तर सगळ्यांची झोप मोडे, आणि दिवसा रडले तर ऐकायला आईच नसे.

त्यावर गिरणगावाने एक उपाय शोधला होता. त्याचे नाव बाळागोळी. मोहरीपेक्षा जरा मोठी गोळी, आत अफू. आपल्या घराघरांत सहाणेवर उगाळून देत ती गुटी वेगळी, ही वेगळी. पण नावाच्या मायेमुळे दोन्ही एकाच माळेतल्या वाटत. अफू काही चोरून आणावी लागत नसे. अबकारी खात्याचा परवाना असलेली दुकाने होती, आणि सरकारला त्यातून उत्पन्नही होते. सकाळच्या भोंग्यापूर्वी एक गोळी, रात्री निजताना एक. साडीच्या झोळीत मूल गप्प पडून राही.

१९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबईतील कामकरी बायकांच्या बाळंतपणांची सरकारसाठी पाहणी केली. या बायकांच्या मुलांपैकी १०० तील ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छापखान्याची चूक असावी असे वाटले होते. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक अर्भके दगावली. यातला काही फुगवटा हिशेबाचा आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि ते जन्म मुंबईच्या वहीत चढत नसत. तो वजा केला तरी उरते ते काही थोडके नाही. सगळा दोष अफूचा नव्हे. कोंदट खोल्या होत्या, पाणी होते, देवी-कॉलरा होता. पण अफूने मुलाची भूक मरते. ते दूध मागत नाही, म्हणून कोणी पाजत नाही, आणि दिसायला मात्र ‘गुणी’ दिसते. मात्रा जरा जास्त झाली की श्वास मंदावतो.

या पापाचे धनी आपणच होतो असे मात्र समजू नये. इंग्लंडात मँचेस्टर-नॉटिंगहॅमच्या कामगार वस्त्यांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूचे गोड पाक घरोघर असे. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाई. त्यात मॉर्फीन होते, आणि जाहिरातीत हसऱ्या आया! १९०६ च्या कायद्याने अशी द्रव्ये बाटलीवर छापणे भाग पडले, तेव्हा कुठे आयांना कळले. जिथे जिथे गिरणीचा भोंगा गेला, तिथे तिथे मागोमाग ही बाटली नाहीतर डबी गेलेली दिसते.

आपल्याकडे बदल हळूहळू आला. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूतिभत्त्याचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. १९२९ साली कायदा झाला. १९३१ च्या व्हिटले कमिशनच्या अहवालातही अर्भकांना अफू देण्याची चाल नोंदलेली आहे. खाण्याच्या अफूची दुकाने सर्वस्वी बंद व्हायला मात्र १९५९ साल उजाडावे लागले.

पणजीचा पहिला मुलगा या सगळ्याच्या आधीच गेला. घरात त्याबद्दल एवढेच बोलले जाई की, ‘झोपेत गेला’. मी लहानपणी ते पुण्यवंताचे मरण समजत असे. थोरलीच्या वेळी, म्हणजे चौदा वर्षांपूर्वी, मी असाच जागरणाने वैतागलो होतो, तेव्हा आजीने ती डबी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, ‘‘सासूबाईंची आहे. त्या दिवशी घरात पाहुणे होते. त्यांनी एकाच्या दोन दिल्या. जन्मभर कुणाला बोलल्या नाहीत, शेवटच्या दुखण्यात मला सांगितलं.’’ मी काय बोलणार? तिने थोरलीला माझ्या मांडीवरून उचलले आणि म्हणाली, ‘‘रडतीय ना? रडू दे. रडतं ते जागं असतं.’’

मी पणजीला दोष देत नाही. मला दोन रात्री झोप नाही मिळाली तर मी बाटली उघडली, तिला वर्षानुवर्षे मिळाली नव्हती. आणि माझ्या मुख्याध्यापकांनी उशिरा आल्याबद्दल मला फार तर चार शब्द ऐकवले असते. तिच्या त्या गिरणीच्या फाटकावर उशीर म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे चूल बंद.

डॉक्टरांना विचारले तेव्हा ते हसले. लहान मुलांच्या झोपेचे फेरे आखूड असतात, दर फेऱ्याअखेर ती अर्धवट जागी होतात, आणि या वयात आई-बाप दिसले नाहीत की घाबरतात. दिवा मंद ठेवा, बोलू नका, हात ठेवा, हळूहळू स्वतःच झोपायला शिकेल, असे म्हणाले. औषध काही दिले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी लगेच पाळ्या लावून टाकल्या. दोनपर्यंत तिची, दोननंतर माझी. हा लेख बहुतेक दोननंतरच लिहिला आहे, त्यामुळे अक्षर वाचताना संपादकांना त्रास झाला असेल.

मघाशी तो उठला होता. फळीवरची डबी त्याला हवी होती. ती दिली नाही, म्हणून रडला. मग माझ्या शर्टाचे बटण धरून निजला. अजून ते सोडलेले नाही.