भाऊरावांचा आवाज कोणी ऐकला? संगीत नाटकाच्या प्रेक्षकांची गोष्ट

१/
भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजी निवर्तले. ग्रामोफोन कंपनीची माणसे आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यात उतरली ती १९०२ च्या अखेरीस. दोन वर्षेही न भरणाऱ्या या अंतराने मराठी रंगभूमीचा त्या काळातील सर्वांत गाजलेला आवाज कायमचा हिरावून नेला. आज त्याचा पुरावा एकच: तो ज्यांनी ऐकला त्यांची साक्ष. संगीत नाटकाचा इतिहास एरवी नाटककार आणि नट यांच्या नावांनी सांगितला जातो. हा धागा मात्र पडद्यासमोर बसलेल्यांविषयी आहे.

२/
१८८० पूर्वीचा प्रेक्षक नाटकात गाणे ऐकत नव्हता असे नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पौराणिक नाटकांत पदे होतीच. पण ती म्हणायचा सूत्रधार. राम, सीता, रावण यांनी प्रसंगानुरूप हावभाव करावेत, तोंडाला येतील ती वाक्ये बोलावीत. त्यांच्या मनातले सूर मात्र बाजूला उभ्या असलेल्या सूत्रधाराच्या गळ्यातून यावेत. दुःख एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, ही सवय प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली होती.

३/
३१ ऑक्टोबर १८८०, धनत्रयोदशी. पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृह. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहून ‘असे मराठीत का होऊ नये’ या विचाराने ते पेटले होते. त्या रात्री त्यांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब, दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, कण्व बाळकोबा नाटेकर.

४/
सूत्रधार नांदी-प्रस्तावना आटोपून आत गेला आणि परत आलाच नाही. पुढची सारी पदे पात्रांनी स्वतः म्हटली. आजच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. त्या रात्रीच्या प्रेक्षकाला मात्र प्रथमच व्यथा आणि सूर एकाच देहातून येताना दिसले.

५/
शिवाय ते चार अंक कोणते, हेही पाहावे. चौथा अंक शकुंतलेच्या सासरी जाण्याचा. मुलीची पाठवणी करताना वनवासी कण्वही कासावीस होतो, हा कालिदासाचा प्रसंग. पुण्यातल्या त्या सभागृहात बसलेल्या बहुतेक बापांनी आपल्या मुली दहा-बारा वर्षांच्या आतच सासरी धाडल्या असणार, किंवा लवकरच धाडायच्या असणार. संस्कृतातला कण्व पंडितांचा होता. नाटेकरांचा कण्व मराठीत, ओळखीच्या चालीत गात होता. पाठवणीचा हा प्रसंग पुढेही मराठी प्रेक्षकाला कधी परका वाटला नाही.

६/
‘ओळखीच्या चालीत’ हे येथे महत्त्वाचे. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी, लावणी अशा घरोघरच्या चाली घेतल्या. ते मूळचे कानडी मुलखाजवळचे, म्हणून कर्नाटकी चालीही आणल्या. यांतल्या कित्येक चाली प्रेक्षकाने कीर्तनात, जात्यावर किंवा देवळात आधीच ऐकलेल्या असत. त्यामुळे नाटक पाहून घरी परतणारा माणूस एखादे पद गुणगुणतच दार ठोठावू शके. रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही. पद गावात पसरायचे ते प्रेक्षकाच्या गळ्यातून.

७/
१८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव मंडळीत आले आणि शकुंतला, सुभद्रा या भूमिकांनी लोकांना वेड लागले. लोक त्यांना ‘भावड्या’ म्हणत. नटाला घरच्या मुलासारखे हाक मारण्याची ही मराठी तऱ्हा त्या लहान नाट्यगृहांतच घडली. पडदा आणि पहिली रांग यांत इतके थोडे अंतर असे की नटाचा श्वासही ऐकू यावा.

८/
नाट्यगृह लहान का असे? केवळ पैशांच्या अडचणीमुळे नव्हे. ध्वनिवर्धक नव्हता. वास्तूचा आकार गवंड्याआधी गळा ठरवत असे. शेवटच्या बाकावरच्या माणसाला पद आणि गद्य दोन्ही कळले पाहिजे, ही मर्यादा कोणालाही ओलांडता येत नव्हती. फिरतीवर तर कित्येक गावी नाट्यगृहच नसे. बांबू, तट्टे, पत्रे आणि कनाती यांतून ते उभे करावे लागे. भिंतीपलीकडून कुत्र्यांचे भुंकणे आणि अलीकडे ‘सौभद्र’, असा तो संगम.

९/
आत शिरल्यावर समाजाची उतरंड दिसे. पुढे खुर्च्या, त्यामागे बाके, आणि स्वस्त दराचा पीट. स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी. नाट्यगृह आजच्यासारखे मिट्ट काळोखात बुडत नसे. तेलाच्या दिव्यांत, पुढे किटसनच्या झगझगाटात प्रेक्षक एकमेकांना पाहू शकत. वकिलाने कोणत्या पदाला मान डोलावली हे पिटातल्या पोराला दिसे, आणि पिटाने कोणत्या पदाला दाद दिली हे वकिलाला ऐकू येई. जाणकारी अशी रांगांरांगांतून झिरपत असे.

१०/
प्रयोग रात्री नऊ-साडेनऊला सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. ‘शाकुंतल’मध्ये पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती! पुढे ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ या नाटकांत ती पन्नासच्या घरात आली, तरी प्रयोग काही आटोपशीर झाले नाहीत. कारण एकच. वन्समोअर.

११/
हा शब्द मोठा गमतीचा आहे. इंग्रज आपल्या नाट्यगृहात दाद देताना फ्रेंच शब्द वापरतात; मराठी प्रेक्षकाने इंग्रजी शब्द घेतला आणि तो इतका आपलासा केला की पिटात बसलेला इंग्रजी न शिकलेला माणूसही तो ठणकावून म्हणे. वन्समोअर म्हणजे निव्वळ स्तुती नव्हे. ती आज्ञा होती. नटाने पुन्हा गायचे, आणि तसेच गायचे नाही: दुसऱ्या वेळी नवी जागा, तिसऱ्या वेळी नवी तान. प्रेक्षक तिकिटाच्या पैशांत नाटकाची लांबी वाढवून घेत होता, आणि गाण्याची परीक्षाही.

१२/
याची किंमत नाटकाने मोजली. ‘एकच प्याला’ (१९१९) मधली सिंधू दारिद्र्याने पिचलेली, फाटक्या लुगड्यातली. तिच्या हालअपेष्टांच्या मध्येच वन्समोअरची आरोळी उठली, तर शोकाचे काय व्हावे? ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही. पण दुसरी बाजूही आहे. त्या प्रेक्षकाला सिंधूचे दुःख कळत नव्हते असे मानणे हा त्याच्यावर अन्याय होईल. तो रडतही होता आणि सुराला दादही देत होता. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे कीर्तनाने त्याला केव्हाच शिकवले होते.

१३/
आता सर्वांत मोलाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात ख्यालगायकी ऐकायची कुठे? संस्थानिकाच्या दरबारात, धनिकाच्या बैठकीत, कलावंतिणीच्या माडीवर. मध्यमवर्गीय गृहस्थाला तेथे सहज प्रवेश नव्हता, त्याच्या पत्नीला तर मुळीच नव्हता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून मैफली केल्या, ते मोठेच पाऊल. परंतु गावोगावी ते काम केले नाटक मंडळ्यांनी.

१४/
‘मानापमान’ (१९११) ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, ‘स्वयंवर’ (१९१६) ला भास्करबुवा बखल्यांच्या. बखलेबुवा तीन घराण्यांची तालीम घेतलेले गवई. त्यांच्या हातून अस्सल बंदिशी पदांच्या रूपाने प्रेक्षकांपुढे आल्या. गंधर्व मंडळीत साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. बाकावर बसलेल्या कारकुनाला आणि स्त्रियांच्या भागात बसलेल्या त्याच्या घरच्या मंडळींना एका तिकिटात जे मिळत होते, ते पूर्वी राजेलोकांना मिळत असे. मराठी माणसाच्या रागसंगीताच्या ओढीचा उगम शोधायचा तर तो या बाकांवर सापडेल.

१५/
त्या स्त्रियांविषयी थोडे अधिक. बालगंधर्वांचे लुगडे, दागिने, केसांतली फुले यांचे अनुकरण घराघरांत झाले, हे सर्वांना ठाऊक असते. पुरुषाने स्त्रियांना नेसणे शिकवावे, हा विरोधाभास सहसा हसून सोडून दिला जातो. वास्तविक तो बोचणारा आहे. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांना ती प्रतिष्ठा नव्हती. प्रेक्षागृहात स्त्रीला जागा मिळाली त्यानंतर कित्येक दशकांनी रंगमंचावर ती मानाने मिळाली. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनी १९२९ च्या सुमारास आपली नाट्यसंस्था काढली तेव्हा.

१६/
प्रेक्षक फक्त ऐकत नसे, पक्षही घेत असे. बालगंधर्वांचा मधुर, भावाने भिजलेला गळा मोठा की केशवराव भोसल्यांची चढी, जोरकस गायकी? यावर घरोघर वाद झडत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोघे एकत्र आले: ‘संयुक्त मानापमान’, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन्ही पक्षांचे लोक एकाच छताखाली, निकाल लागेल या आशेने. निकाल लागला नाही, वाद तेवढा तेजाळला. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले.

१७/
बोलपट आला आणि गणित बदलले. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. कमी दर, दोन-अडीच तासांत खेळ समाप्त, गाव कोणतेही असो गाणे तेच. मोठमोठ्या मंडळ्या कर्जात बुडाल्या, नाट्यगृहांत पडद्याऐवजी रुपेरी पडदा लागला. बालगंधर्वांनी स्वतः ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये काम केले, पण तेथे ते रमले नाहीत. त्याची कारणे अनेक सांगता येतील. एक साधे कारण असे की ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्यांना ‘मायबाप’ म्हटले, त्याच्यासमोर आता कॅमेरा होता. त्याला वन्समोअर देता येत नाही.

१८/
रेकॉर्डने काही वाचवले खरे. परंतु ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास मावत. रंगमंचावर अर्धा तास फुलणारे पद तेवढ्यात कोंबावे लागे. आज बालगंधर्वांची तबकडी ऐकून तरुण श्रोता विचारतो, ‘यात एवढे काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्या तबकडीत गाणे आहे. ते थांबवून पुन्हा सुरू करायला लावणारी माणसे नाहीत.

१९/
संगीत नाटक संपले असे मात्र नाही. २४ डिसेंबर १९६७ ला ‘कट्यार काळजात घुसली’ आले, अभिषेकीबुवांचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब घेऊन, आणि वन्समोअर पुन्हा दुमदुमला. गोव्यात जत्रांच्या निमित्ताने देवळांच्या प्रांगणात संगीत नाटके होत राहिली. पण ध्वनिवर्धक आला होता. १९६८ मध्ये उघडलेले पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर सुमारे हजार प्रेक्षकांचे आहे. आता वास्तूचा आकार गळ्यावर अवलंबून नव्हता.

२०/
विनाध्वनिवर्धक काळाची एक मोठी खूण कोल्हापुरात होती. शाहू महाराजांनी बांधवलेले, १९१५ मध्ये खुले झालेले पॅलेस थिएटर, पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. रंगमंचाखाली आवाज घुमावा म्हणून विहीर खोदली होती, असे कोल्हापूरकर सांगत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. कलावंत आणि रसिक त्या दिवशी जमले ते काळवंडलेल्या दगडी भिंतींपुढे, आणि त्यांतल्या वयस्कांना आपण कोठल्या रांगेत बसून कोणते नाटक पाहिले होते, ते आठवत होते.