मुंबईची ट्राम : १८७४ ते १९६४

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली, तरी शहराच्या आतल्या प्रवासाचा प्रश्न सुटलेला नव्हता. रेल्वेचे रूळ शहराच्या कडेकडेने गेले होते. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी या गजबजलेल्या वस्त्या मधेच राहिल्या. श्रीमंतांकडे घोड्याचे शिग्राम असत, थोडेफार पैसे गाठीला असलेला माणूस भाड्याची रेकला गाडी करी आणि बाकीचे पायी चालत. या पायी चालणाऱ्यांना परवडणारे पहिले वाहन म्हणजे ट्राम.

घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. मार्ग दोनच होते : कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. कुलाबा ते पायधुणी भाडे आरंभी तीन आणे होते. उतारू वाढले तसे ते दोन आण्यांवर आले. सुरुवातीला तिकीटच देत नसत. फुकटे प्रवासी वाढल्यावर तिकिटाची पद्धत सुरू करावी लागली. ही ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज यांच्या कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते, असे सांगतात. गाडी रुळांवरून ओढली जात असल्याने घोड्याला साध्या रस्त्यापेक्षा पुष्कळ जास्त भार ओढता येई, आणि भाडे कमी ठेवता आले ते यामुळेच. तरी घोडा दमतो, मुंबईच्या उन्हात लवकर दमतो. त्याला दाणापाणी, विश्रांती आणि बदली जोडी लागते. शहर उत्तरेकडे पसरू लागले तेव्हा ही मर्यादा उघड झाली.

१९०५ साली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' स्थापन झाली आणि ट्रामचा कारभार तिच्याकडे आला. हीच पुढची 'बेस्ट'. ट्रामला वीज हवी होती आणि विजेला भरवशाचे गिऱ्हाईक. एकाच कंपनीकडे दोन्ही असल्यामुळे दोन्ही धंदे एकमेकांच्या आधाराने वाढले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. परळ-लालबागच्या गिरणगावातून दादरपर्यंत रूळ पोहोचले. त्या शेवटच्या थांब्यामुळे पडलेले 'दादर टी. टी.' (ट्राम टर्मिनस) हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी एकाच बाकावर बसत. शहरातल्या अंतराची भीती ट्रामने घालवली, आणि कामाच्या जागेपासून दूर बिऱ्हाड करणे साध्या माणसालाही शक्य झाले. मुंबईच्या घडणीत गिरण्यांइतकेच श्रेय ट्रामलाही द्यायला हवे.

तिची प्रतिस्पर्धी तिच्याच घरात जन्मली. १५ जुलै १९२६ रोजी बेस्टने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सुरू केली. बसला रूळ नकोत, तारा नकोत. नवी वस्ती उभी राहिली की मार्ग तिकडे वळवता येई. १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली. तोवर रस्त्यावर मोटारी वाढू लागल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध थांबणारी, बाजूला न होणारी ट्राम आता अडथळा ठरू लागली. एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला लोकांनी गर्दी केली होती.

रस्ता अडतो म्हणून ट्राम काढली, पण कोंडी काही सुटली नाही. मोकळी झालेली जागा मोटारींनी भरून काढली. स्वस्त, धूर न सोडणारे वाहन घालवण्याचा तो निर्णय उतावळा होता. रूळ मात्र सगळे उखडले गेले नाहीत. काही डांबराखाली गाडले गेले. फ्लोरा फाउंटनजवळ खोदकाम करताना ते कित्येक वर्षांनी पुन्हा उघडे पडले.

वीज टिकवून रूळ टाळण्याचा एक प्रयत्न बेस्टने केला होता. ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. ती २४ मार्च १९७१ रोजी बंद पडली, आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर विजेवर चालणारी सार्वजनिक गाडी धावली नाही.