बॅस फिशिंगसाठी काठी, दोरी आणि छोटी होडी कशी निवडायची?

आज नेहमीच्या मोबाईल-लॅपटॉपपेक्षा वेगळ्या गॅजेट्सबद्दल बोलूया. मी गेली चार वर्षं नोकरीनिमित्त टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात राहतो. इथे शनिवारी सकाळी अर्धं गाव पाण्यावर असतं, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांना एकच मासा हवा असतो: लार्जमाउथ बॅस. उच्चार 'बॅस', आपली लालपरी नव्हे.

मी मूळचा सांगलीचा. लहानपणी कृष्णेच्या घाटावर काकांबरोबर बांबूची काठी, तंगूस, गळ आणि कणकेचा गोळा एवढ्यावर मासे धरले आहेत. त्यामुळे 'यात शिकायचं काय?' असं वाटलं होतं. दुकानात गेल्यावर काठ्यांच्या भिंती बघून डोकं गरगरलं. चुकीची खरेदी झाली, पैसे गेले, आणि एकदा तर जीवावर बेतलं. तुमच्यापैकी कोणी अमेरिकेत असेल किंवा येणार असेल, तर त्याची ही चूक वाचावी म्हणून हा लेख.

आधी मासा समजून घ्या

लार्जमाउथ बॅस हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो कणीक खात नाही. पाणवनस्पती, बुडालेली झाडं, धक्क्याचे खांब यांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून लहान मासा किंवा बेडूक गेला की झडप घालतो. म्हणून इथे खोट्या आमिषाला हलवून 'जिवंत' करावं लागतं. पुढची सगळी निवड यावरूनच ठरते: आमिष अचूक फेकता आलं पाहिजे, आणि मासा लागल्यावर त्याला झुडपातून बाहेर ओढता आलं पाहिजे.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा बॅस धरला होता. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली. तुम्हाआम्हाला मात्र एक-दीड किलोचा मासा लागला तरी दिवस सार्थकी लागतो.

काठी: दोन शब्द वाचता आले की झालं

काठीवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं स्पेसिफिकेशन छापलेलं असतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या.

पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशा पायऱ्या असतात.

ॲक्शन म्हणजे काठी कुठे वाकते. फास्ट असेल तर फक्त टोकाकडे वाकते, स्लो असेल तर जवळजवळ मुठीपर्यंत. फास्ट काठीने झटका लगेच पोचतो आणि गळ माशाच्या जबड्यात नीट रुततो.

शेजारीच आमिषाचं वजन औंसांत आणि दोरीची ताकद पौंडांत दिलेली असते. त्या मर्यादेच्या बाहेर जाऊ नका. हलकं आमिष जाड काठीने फेकलं तर ते चार हातांवर पडतं.

पहिली काठी घेताना माझा सल्ला: ७ फूट, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. कयाकमध्ये बसून फेकायचं असेल तर मूठ आखूड असलेली बघा, नाहीतर ती प्रत्येक वेळी पोटात किंवा लाइफ जॅकेटमध्ये अडकते.

रीळ: स्पिनिंग की बेटकास्टर?

स्पिनिंग रीळमध्ये स्पूल स्थिर असतं आणि दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. गुंता कमी होतो, हलकं आमिषही छान जातं. सुरुवातीला २५०० साइजचं स्पिनिंग रीळ डोळे झाकून घ्या.

बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतं. जाड दोरी आणि जड आमिष यांच्यासाठी हे उत्तम, अचूकताही जास्त. पण आमिषाचा वेग हवेत कमी होतो आणि स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतं. दोरी बाहेर जाण्यापेक्षा जास्त वेगाने सुटते आणि स्पूलवर चिमणीचं घरटं तयार होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोड्युसर फास्ट, कन्झ्युमर स्लो आणि क्यू फुल!

यावर उपाय म्हणून ब्रेक असतात. चुंबकीय ब्रेकमध्ये फिरत्या धातूत एडी करंट तयार होऊन स्पूलला विरोध होतो. सेंट्रिफ्युगल ब्रेकमध्ये वेग वाढला की छोटे ठोकळे बाहेर सरकून घासतात. शिमानोच्या डीसी रिळांत तर चिप बसवलेली असते, ती स्पूलचा वेग मोजून ब्रेक लावते. बॅटरी लागत नाही, स्पूल फिरतानाच वीज तयार होते. भारी प्रकार आहे, पण पहिल्या वर्षी गरज नाही.

दोरी: तीन प्रकार

- मोनोफिलामेंट: नायलॉन, म्हणजे आपलं तंगूसच. स्वस्त, गाठ चांगली बसते, ताणली जाते. पाणी शोषते आणि उन्हाने खराब होते, म्हणून दरवर्षी बदलावी.
- फ्लुरोकार्बन: बुडते, कमी ताणली जाते, घासली तरी टिकते. हिचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. पाण्याच्या जवळचा आकडा असल्याने ती पाण्यात कमी दिसते.
- ब्रेड: पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची वेणी. तेवढ्याच ताकदीला खूप बारीक, जवळजवळ न ताणणारी आणि तरंगणारी. पण स्वच्छ पाण्यात दिसते.

मी १० पौंडी ब्रेड आणि तिच्या टोकाला दोन वाव ८ पौंडी फ्लुरोकार्बन वापरतो. जोडायला डबल युनी गाठ, गळाला पालोमर गाठ. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमजोर होते. रीळचा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शावर ठेवा.

आमिषांमध्ये आधी एकच शिका: टेक्सास रिग. पाच इंची मऊ प्लास्टिकचं गांडूळ, ३/० नंबरचा ऑफसेट गळ आणि पुढे गोळीच्या आकाराचं वजन. गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपलेलं असल्याने ते झुडपात सहसा अडकत नाही.

होडी: इथे चूक महागात पडते

चार पर्याय असतात.

- सिट-ऑन-टॉप कयाक: वर बसायचं. आत आलेलं पाणी भोकांतून निघून जातं, उलटली तर पुन्हा चढता येतं. एकट्यासाठी सर्वात सोयीची.
- सिट-इन कयाक: हलकी आणि वेगवान, पण उलटली की पाण्याने भरते.
- कनू: दोघांसाठी छान. वाऱ्यात मात्र भरकटते.
- जॉन बोट: सपाट तळाची, बहुतेक ॲल्युमिनियमची. उभं राहता येतं, पण ट्रेलर आणि पार्किंगची सोय लागते.

कयाक घेताना तीन आकडे बघा. लांबी जास्त तर सरळ आणि वेगात जाते. रुंदी जास्त तर डुलते कमी, ३३-३६ इंच चांगली. तिसरा आकडा क्षमता. छापलेली क्षमता म्हणजे त्या वजनाला ती बुडत नाही एवढंच, ती स्थिर राहील असं नाही. म्हणून छापील आकड्याच्या ७० टक्के धरूनच चला.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

माझी पहिली कयाक सेकंडहँड, १० फुटी, २८ इंच रुंद, क्षमता २७५ पौंड म्हणजे १२५ किलो. ७० टक्के म्हणजे ८७. माझं वजन तेव्हा ७८, काठ्या-डबा ८, आणि सोनारसाठी मी इंजिनिअरिंगच्या जोशात लावलेली ३५ अँपिअर-तासांची लेड बॅटरी ११ किलो. बेरीज ९७. वर उंच खुर्ची लावली, म्हणजे गुरुत्वमध्य अजून वर. हा हिशोब मी केला, पण नंतर.

फेब्रुवारीची सकाळ होती, लेडी बर्ड लेक. १९६० च्या लाँगहॉर्न धरणामुळे शहराच्या मधोमध झालेला हा तलाव. बार्टन क्रीकचं झऱ्याचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं असतं, म्हणून थंडीत त्याच्या मुखापाशी मासे जमतात अशी टीप मिळाली होती. आमिष सायप्रसच्या फांदीत अडकलं. सोडवायला एका बाजूला कललो आणि पुढच्या क्षणी पाण्यात.

लाइफ जॅकेट खुर्चीमागे इलॅस्टिकखाली नीट बांधून ठेवलेलं होतं. मला पोहता येतं, कृष्णेत शिकलोय, म्हणून घातलं नव्हतं. पण थंड पाण्यात पडल्यावर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. छाती आपोआप जोरात आत ओढते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ खलास. माझं तोंड वर होतं, ते नशीब. हात गारठल्याने उलटलेल्या कयाकवर चढता येईना. जवळून जाणाऱ्या एका वयस्कर जोडप्याने त्यांच्या कयाकची दोरी दिली आणि काठाला नेलं. काकूंनी अंगावर टॉवेल टाकला आणि एवढंच विचारलं, "जॅकेट कोणासाठी आणलं होतंस?"

त्या रात्री बाबांचा फोन आला. "काय रे, मासे मिळाले का?" मी "नाही" म्हटलं आणि विषय बदलला. आईला अजूनही माहीत नाही.

मग आता काय वापरतो?

१२ फुटी, ३४ इंच रुंद, ४०० पौंड क्षमतेची सिट-ऑन-टॉप. सोनारला जेमतेम १ अँपिअर लागतो, त्यामुळे ७ अँपिअर-तासांची छोटी लिथियम बॅटरी सकाळभर पुरते. तिचं वजन एक किलोच्या आत. सोनार म्हणजे आवाजाचं घड्याळ. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, म्हणजे ३ मीटर खोलीवरून प्रतिध्वनी ४ मिलिसेकंदांत परत येतो.

इलेक्ट्रिक मोटर हवी असेल तर हिशोब आधी करा. ३० पौंड थ्रस्टची १२ व्होल्टची मोटर फुल स्पीडला ३० अँपिअरच्या आसपास खाते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी तीन तास देईल. तेवढीच लेड बॅटरी निम्मीच वापरायची असते, आणि वजन अडीचपट. शिवाय टेक्सासमध्ये मोटर लावली की होडीची नोंदणी करावी लागते. नुसत्या वल्ह्याच्या कयाकला लागत नाही. लेडी बर्ड लेकवर पेट्रोल इंजिनला बंदीच आहे.

निघण्यापूर्वी

- १७ वर्षांवरील व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो. टेक्सासचा सर्वसाधारण नियम: १४ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ सोडून द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त ५. काही तलावांचे नियम वेगळे असतात, आधी बघून घ्या.
- मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक थर निघतो.
- नवीन कयाक उन्हाळ्यात, काठाजवळ, कोणीतरी सोबत असताना मुद्दाम उलटवा आणि परत चढून बघा. जमत नसेल तर खोल पाण्यात जाऊ नका.
- शिट्टी जॅकेटला बांधा, फोन पाणबंद पिशवीत ठेवा.

बजेट कमी असेल तर काठी साधी घ्या, रीळ साधं घ्या, होडी भाड्याने घ्या. पण जॅकेट स्वतःच्या मापाचं घ्या, आणि ते खुर्चीमागे नको, अंगावर असू द्या. मासा या शनिवारी नाही मिळाला तर पुढच्या शनिवारी मिळेल. त्यासाठी आपण पुढच्या शनिवारी असलो पाहिजे.