थंडीने टिपलेला श्वास

हिवतापावरचे कोयनेल आपल्या परिचयाचे आहे. त्याचे विरल द्रावण रंगहीन दिसते; परंतु त्यावर डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पडले, की त्यातून निळसर आभा उमटते. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या आविष्काराची मीमांसा केली व त्यास ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. मराठीत त्याला अनुस्फुरण म्हणतात.

असाच एक दीप आपल्या पेशींतही आहे. अन्नापासून ऊर्जा काढण्याच्या कामी एनएडीएच नावाचे संयुग राबत असते. जंबुपार किरणांत तेही निळे उजळते. प्राणवायू मिळाला, की ते खर्ची पडते आणि आभा मावळते. प्राणवायू तुटला, की ते साचते आणि आभा वाढते. फिलाडेल्फियाचे ब्रिटन चान्स (१९१३–२०१०) व त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली गुंगी दिलेल्या उंदरांच्या मेंदूवर व मूत्रपिंडावर हा बदल मोजून दाखविला.

परंतु येथे उष्णतामान आडवे येते. ऊब वाढली, की उत्तेजित रेणूची शक्ती प्रकाशरूपाने बाहेर न पडता धक्काबुक्कीतच अधिक विरते, व आभा मंदावते. शिवाय उबेबरोबर चयापचयाचा वेगही बदलतो. मग एखादा भाग मंद दिसला, तर तेथे प्राणवायू पोचला म्हणावे, की तो केवळ अधिक उबदार आहे म्हणावे? हृदयाचा कोणता भाग रक्ताविना गुदमरत आहे, हे ठरविताना ही चूक क्षुल्लक नव्हे.

चान्स यांनी या अडसरालाच कामास लावले. ऊतक एकाएकी गोठवून ते द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअस थंडीत ठेवले, की रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबतात आणि आभा सुमारे दहा पटींनी वाढते. फ्लॅव्होप्रथिनांची हिरवट-पिवळी आभा प्राणवायूच्या अभावी उलट कमी होते. म्हणून दोहोंचे गुणोत्तर १९७९ सालच्या त्यांच्या निबंधात मापदंड ठरले. पुढे गोठलेल्या अवयवाचे थर तासून एकेका थराचे चित्र घेण्यात आले.

मात्र थांबविलेल्या ऊतकाला दुसऱ्यांदा प्रश्न विचारता येत नाही. जिवंत ऊतकाचे निरीक्षण म्हणूनच अपरिहार्य राहिले, आणि त्याबरोबर तापमापकही. असे चित्र समोर आले, की ते किती अंशांवर घेतले, हे आधी विचारावे.