मेंदूचा मुका प्रदेश

मेंदूवरील शस्त्रक्रिया प्रथमच पाहणाऱ्याला शस्त्रांहूनही अधिक चकित करतो तो रोग्याचा आवाज. कवटी उघडलेली असते आणि रोगी बोलत असतो! मेंदूला स्वतःला वेदना नाही. म्हणून डोक्याची त्वचा बधिर करून अपस्माराच्या रोग्यावर तो जागा असतानाच शस्त्रक्रिया करता येते. मंद विद्युत्प्रवाहाचा स्पर्श होताच कधी अंगठ्याला मुंग्या येतात, तर कधी चालू बोलणे अडते. त्या त्या जागी आकडा घातलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवतात. जेथे वाणीचे स्थान, तेथे शस्त्र जपून.

तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ येथे ओटफ्रीड फोर्स्टर यांची ही रीत वायल्डर पेनफील्ड यांनी १९२८ साली जवळून पाहिली. त्याच वर्षी ते कॅनडात माँट्रियलला आले. आणि डिसेंबरात त्यांना शस्त्र धरावे लागले ते सख्ख्या थोरल्या बहिणीवर. उजव्या बाजूस, कपाळामागील मेंदूत गाठ होती. या भागातील पुष्कळसा प्रदेश मुका. विद्युत्स्पर्शाला तो उत्तर देत नाही. पेनफील्डांनी तो बराचसा काढला, तरी गाठ समूळ निघाली नाही.

बहीण घरी परतली. बोलणे, हसणे पूर्वीसारखेच. सुमारे पंधरा महिन्यांनी तिने भावाला जेवावयास बोलावले. घरची चार माणसे आणि हा एक पाहुणा. तयारीला सारा दिवस हाताशी. पण जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. जिन्नस सगळे होते. काही चुलीवर चढले होते, मांस शिजावयास घातलेलेच नव्हते. कशामागून काय करावे, हा क्रम तिला जुळत नव्हता. कुणी हात लावताच सारे झटपट पार पडले, आणि पंगतीत ती नेहमीसारखी हसतबोलत बसली.

१९३१ साली ती निवर्तली. १९३५ साली पेनफील्डांनी एका सहकाऱ्यासह ही हकीकत शास्त्रीय निबंधात नोंदविली. तत्पूर्वी, १९३४ साली, माँट्रियलची मज्जासंस्था उघडली होती. तेथे शिकलेल्या जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रियेचा भारतातील पहिला विभाग सुरू केला.

दिव्याच्या प्रखर झोतात जो प्रदेश मुका राहिला, त्याचे काम भावाला कळले ते बहिणीच्या चुलीपाशी.