क्रीक : दोन ऋतूंची बीअर

फळाच्या चवीची बीअर म्हणून क्रीकचा पहिला घोट घेणाऱ्याची बहुधा फसगत होते. रंग डाळिंबी, फेसही गुलाबी. त्यामुळे जीभ सरबताच्या गोडीची वाट पाहते आणि तिला लागतो तो सणसणीत आंबटपणा. त्यामागून जुन्या लाकडाचा, तळघराचा ओलसर वास येतो आणि अगदी शेवटी बदामासारखी पुसट कडसर चव. ती चेरीच्या गराची नव्हे, तिच्या बीची. साखर मात्र जवळजवळ नाहीच; यीस्टने ती केव्हाच फस्त केलेली असते.

ब्रसेल्स शहर, तिथली सेन नदी (पॅरिसची सीन नव्हे!) आणि नैर्ऋत्येचा पायोटनलँड हा टापू म्हणजे या बीअरचे माहेर. ‘क्रीक’ हा तिथल्या डच बोलीतला आंबट चेरीचा शब्द. आज दुकानात ‘हंगामी’ अशी चिठ्ठी लावलेल्या बीअर पुष्कळ दिसतात. क्रीकबाबत मात्र हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा आहे : तिचा हंगाम कोणता?

क्रीकच्या मुळाशी लॅम्बिक ही बीअर असते. बार्लीचे माल्ट आणि किमान तीस टक्के गहू यांचा अर्क काढून तो उकळतात आणि माळ्यावरच्या परातीसारख्या उथळ, रुंद हौदात रात्रभर निवत ठेवतात. यीस्ट घालत नाहीत. हवेतले आणि त्या जुन्या वास्तूत मुक्काम करून असलेले सूक्ष्मजीव आपण होऊन त्यात उतरतात. पुढे लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे ही बीअर आंबत राहते. हे सारे साधते ते रात्री थंड असतील तरच, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नको ते जंतू आधी शिरतात आणि सगळा घाणा वाया जातो.

आणि चेरी पिकते जुलैच्या सुमारास!

म्हणजे फळ हाती येते तेव्हा बीअर करता येत नाही आणि बीअर करता येते तेव्हा फळ नसते. या पेचातून वाट काढली ती पिंपाने. मागच्या एखाद्या हिवाळ्यातले लॅम्बिक पिंपात असतेच. त्यात लिटरमागे साधारण 200 ग्रॅम चेरी बियांसकट टाकतात आणि काही महिने मुरू देतात. आपल्या ‘मुरणे’ या क्रियापदाइतका नेमका शब्द या प्रक्रियेला दुसरा नसेल.

ऋतूचे हे बंधन एके काळी युरोपातल्या बहुतेक बीअरवर होते. बव्हेरियात तर 1553 साली कायदाच झाला : 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बीअर गाळायची नाही. 1870 च्या दशकात कार्ल फोन लिंडे याची शीतयंत्रे आली आणि उन्हाळा आटोक्यात आला. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन याने यीस्टचा शुद्ध वाण वेगळा केला आणि हवेतल्या लहरी सूक्ष्मजीवांवर विसंबण्याची गरज संपली. लॅम्बिकवाल्यांनी या शुद्धतेकडे पाठ फिरवली. त्याच प्रयोगशाळेत क्लाउसेन याने 1904 मध्ये इंग्लिश बीअरमधून एक यीस्ट ओळखले आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. त्याच कुळातले यीस्ट 1921 मध्ये लॅम्बिकमध्ये सापडले. त्याच्या नावात आज ब्रसेल्स शहर आहे. गंमत अशी की वाइनवाले याच यीस्टला तबेल्याचा वास आणणारा खलनायक मानतात.

हे यीस्ट टिकले. चेरीचे मात्र तसे झाले नाही. क्रीकची नावाजलेली चेरी ब्रसेल्सला लागून असलेल्या स्कारबेक या गावची : लहान, काळसर, भरपूर आंबट. तिथले शेतकरी गाढवांच्या पाठीवर माल लादून शहराच्या बाजारात येत, म्हणून गावाला ‘गाढवांचे नगर’ असे नाव पडले. तिथल्या जोसाफा उद्यानात आजही हौसेने गाढवे पाळलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात राजधानी फुगत गेली, बागांवर रस्ते आणि घरे उभी राहिली. आज स्कारबेकची चेरी दुर्मिळ आहे आणि क्रीकसाठी आंबट चेरी पोलंडसारख्या देशांतूनही येते.

1997 मध्ये युरोपीय संघाने ‘औदे क्रीक’ला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या क्रीकला, संरक्षण दिले, पण ते पद्धतीला, भूमीला नव्हे. आपल्या हापूसचे भौगोलिक मानांकन कोकणाच्या मातीशी बांधलेले आहे. तशी कोणतीही गाठ इथे नाही. नुसते ‘क्रीक’ एवढेच लिहिलेल्या बाटलीत तर फळाचा रस आणि साखरही चालते, आणि खप तिचाच अधिक. मला ती तडजोड रुचत नाही, पण लहान बीअरघरांच्या पडझडीच्या काळात क्रीक हे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते बरेचसे या गोड बाटलीमुळे, हेही मान्य करावे लागते.

फळ परगावाहून आणता येते, थंड रात्र आणता येत नाही. कांतियों हे 1900 साली स्थापन झालेले ब्रसेल्समधले बीअरघर अजूनही माळ्यावरचा तोच उघडा हौद वापरते. 2015 च्या नोव्हेंबरात, म्हणजे ऐन हंगामात, त्यांना काम थांबवावे लागले. रात्री पुरेशा गार होत नव्हत्या.